बाराखडी गावाची की वस्तीची?

अलीकडे शिक्षणाच्या सरकारी कागदांत एक शब्दजोडी सारखी भेटते. स्थानिक संस्कृती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं मातृभाषा आणि स्थानिक संदर्भ यांच्यावर भर दिला. २०२१ ला 'निपुण भारत' आलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक पोराला समजून वाचता आलं पाहिजे, असं त्यात ठरलं. तेव्हापासून शिक्षकांना सांगणं असं : पुस्तक पोरांच्या जगण्यापासून लांब पडतं, म्हणून त्यांना वाचता-लिहिता येत नाही. तेव्हा गावातली गाणी, सण, जत्रा, गोष्टी, धंदे वर्गात आणा. पोरं वाचायला लागतील.

सांगणं खोटं नाही. २०२२ च्या 'असर' पाहणीत देशाच्या खेड्यांतल्या तिसरीच्या दर पाच पोरांपैकी जेमतेम एकाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. २०२४ ला हे प्रमाण चारात एकाच्या थोडं वर सरकलं. म्हंजे अजूनही चारातली तीन पोरं वर्गात बसून नुसती पुस्तक धरतात. आणि ही पोरं कुठली, कुणाची, हे या मासिकाच्या वाचकाला निराळं सांगायला नको. ज्याच्याकडं पैसा आहे त्याचं पोर इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून कधीच गेलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरलं ते आपलं.

म्हणून या 'स्थानिक संस्कृती'ला नुसतं हो म्हणून चालत नाही. ती तपासली पाहिजे. स्थानिक म्हणजे कुणाचं स्थान? आणि संस्कृती कुणी ठरवलेली?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक गाव धरतो. सांगवी, तालुका बारामती. बारामतीहून फलटणला निघालं की नीरा नदीच्या अलीकडचं गाव. नदी ओलांडली की सातारा जिल्हा सुरू. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यानं बारामती-इंदापूरचा हा पट्टा उसाचा झाला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर ही कारखान्यांची नावं इथल्या पोरांना बाराखडीच्या आधी पाठ होतात.

अशा गावात संस्कृती गोळा करायला गुरुजी निघाले तर काय गोळा होईल? ग्रामदैवताची जत्रा. बेंदूर. भोंडल्याची गाणी. तुकोबांची पालखी : बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर हा तिचा रस्ता आणि बेलवाडीचं रिंगण. मग बारा बलुतेदारांची चित्रं. यातलं काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण हे सगळं वेशीच्या आतलं आहे. वेशीबाहेर, वस्तीत, दुसरी एक संस्कृती शंभर वर्षं उभी राहत आलीय. १४ एप्रिलची मिरवणूक आहे. भीमगीतं आहेत, जलशाची परंपरा आहे, वामनदादा कर्डकांची गाणी पाठ असलेल्या म्हाताऱ्या आहेत. विहारातली वंदना आहे. मांगवाड्यात हलगी आहे, अण्णाभाऊंची जयंती आहे. होलारांची सनई आहे. गावची सगळी लग्नं या वाजंत्र्यांच्या जिवावर पार पडली, पण भिंतीवरच्या तक्त्यात त्यांना जागा मिळाली नाही.

तो तक्ता एकदा नीट बघा. ग गणपतीचा, भ भटजीचा, य यज्ञाचा, ऋ ऋषीचा. बाजारात असे तक्ते वर्षानुवर्षं विकले गेले आणि शाळांच्या, बालवाड्यांच्या भिंतींवर चिकटले. सहा वर्षांच्या पोरीला अक्षर ओळखायचं तर आधी भटजी ओळखावा लागतो, यज्ञ ओळखावा लागतो. तिच्या घरात दोन्ही नाहीत. तिच्या घरात भ भीमाचा आहे, ह हलगीचा आहे, क कोयत्याचा आहे. ही ओळख तिला आयती आहे, ती शाळेला फुकट मिळतेय, आणि शाळा ती घेत नाही. मग म्हणायचं, पोरीला गोडी नाही.

बलुतेदारीचंही तसंच. गावगाड्याची गोष्ट शाळेत बहुतेक वेळा गोडीगुलाबीची सांगितली जाते. सुतार नांगर करायचा, कुंभार मडकी करायचा, सगळे एकमेकांना धरून राहायचे. महाराच्या चित्राखाली लिहायचं : गावाची राखण, निरोप पोचवणे. मेलेलं ढोर कुणी ओढलं, भाकरी मागायला दारोदार कोण फिरलं, हे चित्रात नसतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणलं. ही वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. तीस वर्षं माणसं जिच्यातनं सुटायला झगडली, ती गोष्ट तुम्ही त्यांच्या पणतवंडांपुढं 'आपली संस्कृती' म्हणून चित्र रंगवायला ठेवता? रंगवू द्या, पण खाली पोराला विचारू द्या की हा माणूस दाराबाहेर का उभा आहे. वाचन तिथं सुरू होतं. त्याच्या आधी असतो तो फक्त अक्षरांचा उच्चार.

पालखीचंही शिकवा. इंदापूरच्या पोरानं पालखीचा निबंध लिहावा, त्यात गैर काय? पण त्याच धड्यात हेही येऊ द्या की चोखोबाची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या दाराबाहेर आहे आणि दलितांना त्या देवळात शिरता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. वर्गात गावाचं पोर आणि वस्तीचं पोर शेजारी बसलेलं असतं. दोघांनाही ही गोष्ट लागते.

आता कुणी म्हणेल, हे राजकारण झालं, लहान पोरांच्या वाचना-लेखनात ते कशाला? त्याला माझं उत्तर १८५५ सालचं आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजाची पोर. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो त्या साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. विषय पाठ्यपुस्तकाचा नव्हता. तिच्या लोकांना देवाधर्मानं कसं वाऱ्यावर सोडलं, पेशवाईत काय भोगावं लागलं, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बाईचे हाल कसे होतात, हे तिनं लिहिलं. आजच्या भाषेत सांगायचं तर 'स्थानिक संदर्भातून लेखनकौशल्य'. पण जोतीरावांच्या शाळेनं तिला भोंडल्यावर दहा ओळी लिही असं सांगितलं नाही. तिला जे ठाऊक होतं ते लिहू दिलं, आणि शाळकरी पोरीच्या हातनं मराठीतला आद्य दलित निबंध झाला. ज्या राज्यात हे घडलं त्या राज्यातल्या शिक्षणखात्याला स्थानिक संस्कृतीचं उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. संस्कृती वर्गात आणा म्हणतात, पण ती शुद्ध मराठीत आणा म्हणतात. ओवी आणायची, पण ती म्हणणाऱ्या बाईची बोली आणायची नाही. मी प्राथमिक शाळेत असताना निबंधात 'आमच्यात पाव्हनं आलं' असं लिहिलं. गुरुजींनी लाल रेघ मारली, ते मला मान्य. पण खाली शेरा मारला, 'घरची भाषा घरी ठेवावी.' शाळेचं नाव घेत नाही. असा शेरा एकाच शाळेत पडला असता तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं.

पानी आणि पाणी, साळा आणि शाळा, म्या आणि मी. पोराच्या तोंडात न आहे, पुस्तकात ण आहे. पोरगं वाचताना पुस्तकातलं 'पाणी' बघून 'पानी' म्हणतं, तेव्हा त्यानं चूक केलेली नसते. त्यानं वाचलंय आणि आपल्या तोंडानं म्हटलंय. ज्या गुरुजीला हा फरक कळतो तो पोराला पुढं नेतो. ज्याला कळत नाही तो त्याला गप्प करतो. गप्प झालेलं पोर लिहीत नाही.

हे ज्यांनी नीट ओळखलं त्यांचं काम सांगवीपासून नदीपलीकडं, फलटणलाच आहे. मॅक्सीन बर्नसन ही अमेरिकेत जन्मलेली बाई फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला आली. जात आणि शिक्षण यांच्याप्रमाणं गावाचं बोलणं कसं बदलतं हे तिनं तपासलं. १९७३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं तिला त्या अभ्यासावर पीएच.डी. दिली. बाई परत गेली नाही, इथली नागरिक झाली. शाळेत जाऊनही वाचता न येणारी दलित वस्तीतली पोरं तिला दिसली, त्यांच्यासाठी तिनं वर्ग चालवले. त्यातनं प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ ला कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा निघाली. वेगवेगळ्या जातीची, थरांची पोरं एका वर्गात बसवायची हे त्या शाळेनं जाणून ठरवलं. वाचनाची पद्धतही साधी. अख्खी वर्णमाला घोकून घ्यायची नाही. थोडी अक्षरं, त्यांच्याबरोबर काही काना-मात्रा, आणि लगेच त्यांतनं पोराच्या ओळखीचे शब्द आणि वाक्यं. पोरांना बोलू द्यायचं, मग मनचं लिहू द्यायचं.

मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, पोराची बोली हा अडथळा धरला नाही, पाया धरला. दोन, बोलीपाशी थांबवलंही नाही. प्रमाण मराठी दिली, पुस्तकं दिली. आणि एक सल राहते. पुणे-मुंबईचे मराठीचे पंडित आपल्या बोलीला गावंढळ म्हणत होते, तेव्हा तिचं शास्त्र सातासमुद्रापलीकडनं आलेल्या बाईला शोधावं लागलं. आणि जे एका संस्थेनं एका गावात केलं ते जिल्हा परिषदेच्या हजारो शाळांत का पोचत नाही? एका गुरुजीकडं दोन वर्ग, त्यावर मतदार याद्या, सर्वेक्षणं, रोजचे फोटो आणि माहिती. पोराचं बोलणं ऐकायला वेळ लागतो. तो वेळच सरकारनं गुरुजीकडनं काढून घेतलाय. हेही बोललं पाहिजे, नुसतं गुरुजीला झोडपून भागत नाही.

भाषेबद्दल आणखी एक. १९७२ ला नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. एवढा मोठा नाटककार, पण कवितेतल्या कितीतरी शब्दांचे अर्थ त्यांना कवीला विचारावे लागले. ते त्यांनी मोकळेपणानं लिहिलं, हा त्यांचा मोठेपणा. पण आपण त्यातनं धडा घ्यायचा तो असा की निरक्षर कोण, हे पुढं कुठलं पुस्तक ठेवलंय यावर ठरतं. पुस्तक बदललं तर पहिला नंबर बदलतो. 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) यांनी हेच केलं. 'उपरा'चे लक्ष्मण माने याच नीराकाठच्या फलटण तालुक्यातले. गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या कैकाड्याच्या पोरानं शाळेत काय भोगलं ते त्यांनी लिहिलं, आणि १९८१ ला त्या पुस्तकाला साहित्य अकादमीनं पुरस्कार दिला. ज्या बोलीला शाळेनं रेघ मारली तिला अकादमीनं मान दिला, पण शाळेच्या वहीत रेघ पडायची ती पडतच राहिली.

२०२४ च्या ऑक्टोबरात मराठी अभिजात झाली. २०२५ च्या एप्रिलात पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला, लोक खवळले, जूनअखेर तो मागं घ्यावा लागला. बरं झालं. पण मराठी वाचवायला रस्त्यावर आलेल्या किती जणांनी विचारलं की पहिलीच्या वर्गात कुणाची मराठी बसलीय? हिंदी लादली तर जो अन्याय पुण्याच्या पोराला कळतो, तोच अन्याय पुस्तकी मराठी वस्तीतल्या पोरावर लादताना कुणालाच दिसत नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी स्थानिक संस्कृतीची तरफदारी करतोय, फक्त गावाच्या जागी वस्ती घालतोय. तसं नाही. आपल्यालाही सावध राहायचंय. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. अर्धा दिवस शाळा, उरलेल्या वेळात पोरानं बापाचा धंदा शिकायचा. कागदावर हेही जगण्याशी जोडलेलं शिक्षणच होतं. पेरियारांनी आणि द्रविड चळवळीनं ओळखलं की न्हाव्याचं पोर न्हावी आणि चांभाराचं पोर चांभार ठेवायची ही युक्ती आहे. रान उठलं, राजाजी गेले, १९५४ ला कामराजांनी योजना गुंडाळली. 'स्थानिक'च्या नावाखाली आपल्या पोरांना झाडू-टोपल्यांचं कार्यानुभव आणि दुसऱ्यांच्या पोरांना संगणक, असं होणार असेल तर असली संस्कृती आपल्याला नको. पोतराजही स्थानिक, देवाला पोरगी सोडणंही स्थानिक. बाबासाहेबांनी आपल्याला संस्कृती डोक्यावर घ्यायला सांगितली नाही, तपासायला सांगितली.

जोतीरावांनी १८८२ ला हंटर कमिशनपुढं जे निवेदन दिलं त्यात हा तोल आहे. खेड्यातल्या शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीचं ज्ञान, आरोग्य असावं, आणि शिक्षक नांगर किंवा वाकस हातात धरायला न लाजणारा असावा, असं त्यांनी मागितलं. शेतीही आणि व्याकरणही. एक देऊन दुसरं काढून घेतलं नाही.

मग करायचं काय? मोठ्या योजनेची वाट न बघता होईल असं सांगतो. दिवाळीनंतर या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडनं, नगरकडनं. कोप्या पडतात. कोपीतलं एक पोर वर्गात आलं, गुरुजींनी विचारलं, आज काय केलंस? ते म्हणतं, 'बा फडात गेला. आय मोळ्या बांधती. म्या बारकीला सांभाळलं.' गुरुजींनी हे जसंच्या तसं फळ्यावर लिहावं. सगळ्या वर्गानं वाचावं. मग शब्द वेगळे करावेत, शब्दांतनं अक्षरं. फ फडाचा, म मोळीचा. मग शेजारी दुसरी ओळ लिहावी : 'वडील फडात गेले. आई मोळ्या बांधते. मी लहान बहिणीला सांभाळले.' सांगावं, ही घरची, ही पुस्तकाची, दोन्ही तुझ्या. महिनाभरात त्या वर्गाचं स्वतःचं पुस्तक तयार होतं. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या मास्तरीणबाईनं माओरी पोरांना त्यांनीच मागितलेल्या शब्दांवर वाचायला शिकवलं. तिचं पुस्तक १९६३ ला आलं. आपल्या कोसबाडला अनुताई वाघांनी आदिवासी पोरांसाठी गुरं वळायच्या जागी कुरणशाळा नेली. हे होत नाही असं कुणी म्हणू नये.

त्याच पोराला पुढच्या वर्षी उचल म्हणजे काय, मुकादमाच्या कागदावर काय लिहिलंय, किती टनाचे किती झाले, हे वाचता आलं पाहिजे. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको दोघं, दोन माणसं मिळून एक हत्यार मोजतात, हे त्याला लिहिता आलं पाहिजे. माझ्या लेखी वाचन सुधारलं की नाही याची परीक्षा ही. त्याच्या बापाचा अंगठा ज्या कागदावर उठला तो कागद पोरानं मोठ्यानं वाचून दाखवला, की निपुण झालं म्हणावं.

आणि वस्तीच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यापासनं सुरुवात करून खेड्यापाड्यांतनं लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या. त्या लिहून ठेवणारे बाहेरनं आले. आपल्या आज्या-मावश्यांच्या ओव्या आपल्या पाचवीच्या पोरीनं लिहून घेतल्या तर तिचं शुद्धलेखन सुधारेलच, शिवाय जिला शाळा दिसली नाही त्या बाईला पहिला लेखनिक घरातला मिळेल.

आपल्यातल्या शिकलेल्यांनाही एक सांगणं. नोकरी लागली, कॉलनीत घर झालं, पोरं 'म्या' म्हणाली की आपणच डोळे वटारतो. शाळेनं मारलेली लाल रेघ आपण आता घरात मारायला लागलोय. ती थांबवा. प्रमाण भाषा शिकवा, इंग्रजी शिकवा, हवं ते शिकवा. पण आजीशी बोलायची लाज पोराला शिकवू नका.

सांगवीसारख्या गावात शाळा व्यवस्थापन समिती कायद्यानं असते आणि तीत पालक बसतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं तो अधिकार दिलाय. आपल्या माणसांनी त्या बैठकीला जावं. भिंतीवरचा तक्ता कुठला आहे ते बघावं. संस्कृतीचा कार्यक्रम ठरत असेल तर जयंतीचा जलसा आणि हलगी त्यात आहे का, हे विचारावं. तोडीवाल्यांची पोरं हजेरीपटावर आहेत का, हेही विचारावं. आणि शेवटी एखाद्या पोराची वही मागून बघावी. तिच्यात त्याचं स्वतःचं एक तरी वाक्य आहे का? नसलं तर बैठक उठू देऊ नये.